कार्डाचा कोपरा

हैदराबाद,
१४ दै १३४६ फसली

सौ. शरयूस भालचंद्राचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुद्द्यावर येण्याआधी एक गोष्ट. तू मायन्यात मला 'तीर्थरूप' लिहितेस. तीर्थरूप फक्त आईला आणि वडिलांना लिहितात. नवरा, थोरला भाऊ, बाकीची वडीलधारी मंडळी यांना तीर्थस्वरूप. ही चूक तिसऱ्यांदा झाली म्हणून लिहावं लागलं. आमच्या दफ्तरात असा कागद गेला तर आमचे वरिष्ठ मोहतमिमसाहेब तो परत करतील.

आता मुद्दा. तू हैदराबादला परत यावंस. इथल्या जनाना दवाखान्यात मी स्वतः जाऊन आलो. डॉक्टरीणबाई सभ्य आहेत, खाट मिळेल म्हणाल्या. तुला आठवा संपत आला, म्हणून जल्दी केली पाहिजे. परतूरपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. रुखसतीची, म्हणजे रजेची, दरखास्त मी लिहून ठेवली आहे, तारीख तेवढी घालायची बाकी आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हा रिवाज मला माहीत आहे. तुझ्याआधी या घरात सून म्हणून आलेली शैलाही माहेरीच गेली होती, बदनापूरला. तिच्याविषयी मी तुझ्याशी फारसं बोललो नाही. चार वर्षं झाली त्याला. मी दफ्तरात बसलो होतो आणि शिपायानं कार्ड आणून दिलं. कोपरा फाडलेला होता. वाईट बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, म्हणजे घेणाऱ्यानं ते घरात न नेता दारातच वाचावं, हे तोवर नुसतं ऐकलं होतं. कार्डावर एवढंच होतं, 'शैला काल सुटली. मूलही गेलं.' ते कार्ड अजून माझ्या पेटीत आहे.

तेव्हा हट्ट करू नकोस. उलट टपाली कळव.

भालचंद्र


तीर्थपुरी,
कार्तिक शुद्ध दशमी

तीर्थस्वरूपांच्या चरणी शरयूचा नमस्कार.

बघा, लिहिलं बराबर. पण ती चूक नव्हती बरं का. मला आई आठवतच न्हाई आणि वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते. तीर्थरूप हा एवढा छान शब्द शाळेत शिकवला आणि लिहायला माणूसच ठेवलं न्हाई. तो नुसता पडून राहतो म्हणून तुम्हाला लिहीत होते. मोहतमिमसाहेब रागावत असतील तर राहू द्या. आणि तुमचा तो 'दै' इथं कुणाला कळत न्हाई. दादा शाळामास्तर असून बोटं मोजत बसला, मंग म्हणाला, कार्तिक असावा.

शैलाताईंचं वाचलं. दोनदा वाचलं. तुम्ही ते लिहिलंत म्हणून मीही खरं लिहिते. मला भीती वाटते. पहिल्यापेक्षा आता जास्त वाटते. पण मरायची वाटते त्याहून एकटीनं मरायची जास्त वाटते. दवाखान्याला मी नावं ठेवत न्हाई. ज्या बाईचं अडलंय तिला तो लागतोच. पण हैदराबादेत माझं कोण आहे? तुम्हाला तिथं आत येऊ देणार न्हाईत. मी त्या खाटेवर पडून छताकडं बघणार आणि तुम्ही बाहेर बाकावर बसून दरखास्त लिहिणार.

इथं वहिनी आहे. तुम्हाला ती नुसती सोवळ्याची कडक बाई म्हणून माहीत आहे. पण मला पाठीत कळ आली की ती न सांगता ओळखते. शेजारी चतुराबाई आहे, रामराव पाटलांची बायको, पाच लेकरांची आई. तिचा आवाज एवढा मोठा की गोदावरीच्या पलीकडच्या म्हशी वळतात असं रामराव म्हणतात. आणि साळूबाई आहे. वहिनीची तिन्ही मुलं हिच्याच हातची. मांगवाड्यातली आहे, साठीची असेल. आपल्या घरी ती ओट्याखाली बसते, पण परवा पोट बघायला आत आली. डोळे मिटून दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "डोकं खाली हाय. शहाणं लेकरू हाय, वाट धरून बसलंय." त्या हातांखाली मला पहिल्यांदा झोप आली. बसल्या जागी, खरंच.

मला इथंच राहू द्या. तुम्ही न्हाई म्हणालात तर मी येईन, पण मंग रडत येईन.

शरयू


हैदराबाद,
२५ दै १३४६ फसली

सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.

तीन दिवस विचार केला. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, बाळाचं डोकं खाली आहे आणि अंगावर सूज नाही, तर हरकत नसावी. पण कलमं सांगितली. ती लिहितो, तुझ्या दादांना, जगन्नाथरावांना, मोठ्यानं वाचून दाखव.

एक. हात साबणानं तीन वेळा धुवावेत, नखं काढावीत. साबण वेगळ्या टपालानं पाठवत आहे. दोन. नाळेला नवं पातं, उकळून. तेही पाठवत आहे. तीन. कापड उकळलेलं. चार. रामरावांची गाडी कळा लागल्यापासून जुंपून दारात उभी पाहिजे. बैलांना चारा जुंपल्या जागी. दिवस मावळेपर्यंत काही झालं नाही, किंवा रक्त फार गेलं, तर कुणाचंही न ऐकता जालन्याच्या दवाखान्यात न्यावं. पाच. तिला एकटं सोडू नये.

पाचवं कलम डॉक्टरीणबाईंचं नाही, माझं आहे.

भालचंद्र


तीर्थपुरी,
कार्तिक वद्य सप्तमी

तीर्थस्वरूपांच्या चरणी शरयूचा नमस्कार.

पुडकं पोचलं. साबणाच्या वासानं सगळ्या घराचा दवाखाना झालाय. दादानं कलमं अशी वाचली की चतुराबाईला वाटलं सरकारी हुकूम आला. रामराव म्हणाले, "बैलं जुपून ठिवतो, पर बैलांस्नी बी इचारा की."

साळूबाईला वाईट वाटेल म्हणून मी भीत होते. एवढी लेकरं काढली तिनं आणि तिला हात धुवायला सांगायचं. ती म्हणाली, "भला माणूस हाय. भेलेला हाय." मंग जरा वेळानं म्हणाली, "त्याला म्हनावं, मला एक पत्र लिव. मला आजपतूर कुनाचंच पत्र आलं न्हाई." तर लिहा. मला वाचून दाखवता येईल. पण मायना कुठला घालाल हो? तुमच्या दफ्तरात सुईणीचा मायना आहे का?

पोट खाली उतरलंय. मी बरी आहे, हुरडा खाऊन राह्यले.

शरयू


हैदराबाद,
६ बहमन १३४६ फसली

सौ. शरयूस आशीर्वाद.

प्रकृतीला जप. हुरडा बेताचा खा. सुईणीला पत्र लिहिण्याचा रिवाज नाही, आणि मायन्याचा प्रश्नच येत नाही. तिला माझा निरोप तोंडी सांग, तेवढं पुरे.

भालचंद्र


(कार्ड. खालचा उजवा कोपरा फाटलेला.)

॥ श्री ॥
तीर्थपुरी, बुधवार

भालचंद्रराव यास्नी रामरावचा रामराम. चतुराबाई सांगून राह्यली ते लिवतो. मास्तर जालन्याला गेल्ते आन रातच्याला थकून आल्ते म्हनून मीच लिवतो. शरयूबाई काल मंगळवारी दिस मावळायच्या आत सुटली. लई धीराची बाई. लई सोसलं. आमी तिघी बाया जवळच व्हतो. साळूबाईनं शेवटपतूर हात सोडला न्हाई. झालं ती देवाची मर्जी, मानसाच्या हातात काय न्हाई. वाईट वाटून घिऊ नये. पन


शरयू,

गाडीत आहे. परभणी मागे गेली. दुपार आहे.

कार्ड काल दफ्तरात आलं. शिपायानं समोर ठेवलं आणि मी आधी कोपराच बघितला. कितीतरी वेळ उलटून वाचलं नाही. शैलाच्या कार्डातला तोच शब्द होता, सुटली. मोहतमिमसाहेब उठून माझ्या टेबलाशी आले, त्यांनी विचारलं नाही, म्हणाले, जाओ. दरखास्त न देता निघालो. आज तारीख कुठली हे मला सांगता येत नाही. तू असतीस तर हसली असतीस.

कुणाला लिहून राह्यलो हे मला कळतं. तरी लिहितो.

शैलाचं मी तुला अर्धंच सांगितलं. पुढचं मला तिच्या चुलत बहिणीनं वर्षानं सांगितलं. कळा लागल्यावर तिला मागच्या खोलीत ठेवलं. विटाळ म्हणून आत कुणी जाईना. पाणी उंबऱ्यावरून सरकवायचे. सुईण दोनदा येऊन बघून गेली. दिवसभर ती एकेकीचं नाव घेऊन हाका मारत होती. माझंही घेतलं म्हणे, जे तिनं कधी घेतलं नव्हतं. तिथं गेल्यावर मी हे कुणाला विचारलं नाही, कुणावर रागावलो नाही. तेरावा झाल्यावर परत येऊन हजेरीपटावर सही केली. वाईट माणसं नव्हती ती, तसाच रिवाज होता. मी तरी काय वेगळा होतो? मला ते माहीत असतं तरी मी आत गेलो नसतो.

म्हणून ते पाचवं कलम.

रामरावांनी लिहिलंय, साळूबाईनं शेवटपर्यंत हात सोडला नाही. परभणीपासून हे एकच वाक्य मी वाचत बसलोय. तू म्हणाली होतीस, एकटीनं मरायची भीती वाटते. तेवढं तरी तुझ्या वाट्याला आलं नाही. ज्या बाईला मी पत्र लिहायला तयार नव्हतो तिनं ते केलं. पोचल्यावर पहिल्यांदा तिच्या पाया पडेन. बाकी काय करायचं ते मला सुचत नाही.

मायना चुकवलास तर मी दुरुस्त करत होतो. आता कोण चुकणार आहे?

मुलाचं काय झालं ते कार्डात नाही. फाटलेल्या कोपऱ्यात असेल. मला ते विचारायचं धाडस होणार नाही.

परतूर येऊन राह्यलं.


तीर्थपुरी,
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, पाचवीचा दिवस

तीर्थस्वरूपांच्या चरणी शरयूचा नमस्कार. आणि शरयूच्या मांडीवर झोपलेल्या तुमच्या लेकीचा नमस्कार.

रामरावांचं कार्ड मिळालंच असेल. वाचून हसला असाल. ते लिहून राह्यले होते तेव्हा चतुराबाई एवढ्या मोठ्यानं सांगत होती की पोरगी दचकून उठली. आता मी सगळं नीट लिहिते. वहिनी उठू देत न्हाई, पण लिहायला बंदी केलेली न्हाई.

मंगळवारी पहाटे उजाडताना परसात हरभऱ्याची भाजी खुडत होते. थंडी होती. पाठीतून एक कळ आली आणि पुढं येऊन थांबली. मी कुणाला सांगितलं न्हाई. दुसरी आली तेव्हा हातातली भाजी खाली पडली आणि वहिनीनं ती चुलीपुढून बघितली. ती सोवळ्यात होती, स्वयंपाक निम्मा झाला होता. तशीच उठली, परसात आली आणि मला कमरेला धरलं. मी म्हटलं, वहिनी, सोवळं. तर म्हणाली, "सोवळं बाराव्या दिवशी बघू." मंग दिवसभर तिनं मला सोडलं न्हाई. त्या दिवशी दादा शाळेच्या तपासणीसाठी जालन्याला गेलेला, तर घरात सगळं बायांचंच राज्य.

साळूबाई आली. नखं काढली. तुमच्या साबणानं तीन वेळा हात धुतले, मंग चौथ्यांदा धुतले, वास आवडला म्हणून. मला वाटलं आता निजवतील. तर तिनं मला जात्यावर बसवलं. "लई येळ हाय अजून. दळ." मी आणि वहिनी समोरासमोर बसून ज्वारी दळली. कळ आली की मी खुंटा सोडायचे आणि वहिनीच्या खांद्यावर कपाळ टेकायचे. कळ गेली की पुन्हा खुंटा. एवढ्यात चतुराबाईनं तुमच्या नावानं ओव्या रचायला घेतल्या. त्यात तुमची पाचही कलमं होती आणि बहमन महिना होता. इथं लिहिण्यासारख्या न्हाईत. मी हसता हसता कळ देत होते, एवढं सांगते.

मंग गाठी सोडल्या. इथली पद्धत अशी की बाई मोकळी व्हायची तर घरात काही बांधलेलं नको. माझी वेणी सोडली. पेटीचं कुलूप काढलं. ज्वारीच्या पोत्यांची तोंडं, पापडाच्या डब्याची दोरी, शिंक्याची गाठ. माझ्या उशाशी तुमची पत्रं आहेत ना, दफ्तरातल्या लाल फितीनं बांधलेली, चतुराबाईनं ती पण सोडून टाकली. पत्रं सगळ्या खोलीभर झाली. बाहेरून रामराव ओरडले, "बैलांचं जू सोडू का मंग?" साळूबाई म्हणाली, "जू ऱ्हाऊ द्या. ते जावयाचं कलम हाय." बैल दिवसभर जुंपल्या जागी कडबा खात उभे राहिले. त्यांचेही उपकार आहेत आपल्यावर.

दुपारी मात्र माझं अवसान गेलं. कळेवर कळ येत होती, मधे श्वास घ्यायला जागा न्हाई. शैलाताई डोळ्यांपुढं आल्या. मी म्हणाले, मला न्हाई जमत, मला दवाखान्यात न्या. वहिनीचं तोंड उतरलं. साळूबाईनं मात्र मला गप्प केलं न्हाई. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "गाडी दारात हाय. लेकरू ठीक हाय, तू ठीक हायेस, मला दिसून राह्यलंय. पर तुला जायाचं आसंल तर ह्या घटकंला निघू, मी गाडीत संग बसते. सांग." मला कुणी असं विचारलं म्हणून की काय, माझी भीती थोडी खाली बसली. पुढची कळ आली, तिचा हात माझ्या हातात होता. ती गेल्यावर मी म्हणाले, नको, तू इथंच बस.

आढ्याला दोर बांधून दिला होता. एवढी एकच गाठ घरात राहिली. तो धरून मी उकिडवी बसले. पाठीमागून चतुराबाईनं मला मांड्यांत धरलं, पुढं साळूबाई, बाजूला वहिनी कपाळ पुसत. मी किंचाळायला लागले तर साळूबाई म्हणाली, "वर न्हाई, खाली वरड. गाय हंबरती तशी." मी खालच्या आवाजात हंबरले. मंग वहिनीही हंबरली, चतुराबाई पण. बाहेर रामरावांना वाटलं आत गोठाच आणून बांधला. खरं सांगू, त्या आवाजानं दुखणं कमी झालं न्हाई, पण ते माझ्या एकटीचं राहिलं न्हाई.

उन्हं झरोक्यातून आत आली होती, उतरंडीवर पडली होती. साळूबाई म्हणाली, "आता जोर नगं. फुकर मार, चूल फुकल्यावानी, हळू." मी फुंकर मारली. आणि डोकं आलं. तिनं माझा हात धरून तिथं नेला, ओले केस लागले बोटांना. मी रडायला लागले आणि तेवढ्यात बाकीचं सगळं एकदम सुळकन आलं. गरम. लगेच माझ्या छातीवर ठेवलं तिनं. पोरगी आधी माझ्याकडं बघत राहिली, मंग रडली. नाळ धडधडायची थांबेस्तोवर साळूबाईनं तिला हात लावला न्हाई. मंग तुमच्या उकळलेल्या पात्यानं कापली.

चतुराबाई हळूच म्हणाली, "लेक हाय." एवढा मोठा आवाज तिचा आणि त्या वेळेलाच बारीक झाला. साळूबाई म्हणाली, "लेक हाय तर मोठ्यानं सांग की." मंग तिनं सांगितलं, आणि ते सगळ्या गल्लीला कळलं.

आणखी एक. सगळं आवरल्यावर वहिनीनं साळूबाईला चहा दिला. कोनाड्यातल्या वेगळ्या कपातून न्हाई, घरातल्या पितळी पेल्यातून. साळूबाई तो पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसली, मंग प्याली. दादा रात्री आला, त्यानं तिच्यापुढचा पेला ओळखला. वहिनीनं तो घासला आणि फळीवर बाकीच्या पेल्यांत ठेवला.

मला कुणाकुणाचे उपकार मानावेत ते कळत न्हाई. देवाचे मानलेच. तुमचेही मानते. तुम्ही मला राहू दिलंत, भीत भीत राहू दिलंत.

तुमच्या पत्राची वाट बघते. मुलगी झाली म्हणून नाराज असाल तर तसंही लिहा, मी भांडायला मोकळी आहे.

शरयू


तीर्थपुरी,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूपांच्या चरणी शरयूचा नमस्कार.

सुखरूप पोचला असाल. माझं पाचवीला लिहिलेलं पत्र तिकडं दारात पडलेलं असेल, ते आधी वाचा.

तुमचा काळा कोट इथं राहिला. आपल्या लेकीला, मुक्ताला, थंडी वाजू नये म्हणून तुम्ही तिच्यावर घातला होता, तो घालूनच ठेवलाय. काल तो झटकताना आतल्या खिशातलं पत्र पडलं. माझं नाव होतं म्हणून वाचलं. माझी सगळी दुपार रडण्यात गेली. वहिनीला वाटलं दूध आटेल.

तुम्ही आलात त्या दिवसाचं मला तेव्हा कळलंच न्हाई. चतुराबाई तर आजवर सांगते, "जावई दारात आले, दोरीवरच्या लंगोटांकडं बघत हुभे ऱ्हायले, आन मला इचारलं, कधी नेलं? मी म्हनलं, कुठं नेतोय, आत हाय की, पाजून राह्यली." तिला वाटलं तुम्ही गाडीचं विचारता. आणि तुम्ही मटकन ओट्याच्या पायरीवर बसलात. मी आतून विचारलं, कोण आलंय, तेव्हा बाहेरून कुणी बोललंच न्हाई. आता कळलं का ते.

कोपऱ्याचं गूढ उकललं. चांगली बातमी म्हणून चतुराबाईनं कार्डाच्या कोपऱ्याला कुंकू लावलं, ओलं, आणि कार्ड घटकाभर देवळीत देवापुढं उभं केलं. कुंकू वाळून कोपरा देवळीला चिकटला. डाकवाला निघाला म्हणून रामरावांनी ओढलं, तर कोपरा तिथंच. डाकवाला थांबेना, चतुराबाई म्हणाली जाऊ द्या, मजकूर तर गेला. कालच तो तुकडा चाकूनं अलगद सोडवला. सोबत ठेवलाय. त्यावर लिहिलंय ते वाचा: 'लेक गोड हाय. दोघी बऱ्या.' आणि 'सुटली' म्हणजे इकडं बाळंत झाली.

चतुराबाईला मी विचारलं, मंग ते 'वाईट वाटून घिऊ नये' कशासाठी? तर म्हणते, "अगं, पयली लेक झाली ना, म्हून बापाची समजूत." मी तिच्याशी दोन दिवस बोलले न्हाई. मंग तिनं मेथीचे लाडू आणले आणि मुक्ताला मांडीवर घेऊन तिच्यापुढंच कान धरले, तेव्हा बोलले. आता ती गल्लीत सांगत फिरते की पुढच्या लेकीच्या वेळी कार्ड मोठ्या अक्षरात लिहायचं.

पत्रात तुम्ही लिहिलंय की पोचल्यावर साळूबाईच्या पाया पडाल. तुम्ही ओट्यावर होता, ती ओट्याखाली बसली होती. तिनं म्हटलं, "उठा, लेकीला बघा." तुमचे हात अर्धे जुळले आणि दादा आला तसे खाली गेले. मी खिडकीतून बघितलं होतं, तेव्हा अर्थ कळला न्हाई. मी काही म्हणत न्हाई. वाचलं, एवढं सांगते.

शरयू


हैदराबाद,
मुक्ताचा चोविसावा दिवस

सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.

कोपरा मिळाला. खळ करून कार्डाला जोडला. जोड दिसतो, पण वाचता येतं. पेटीत ते शैलाच्या कार्डाशेजारी ठेवलं आहे. तिला कळावं असं वाटलं.

सोबत वेगळा कागद आहे. तो तुझा नाही. साळूबाईंना बोलावून ओट्यावर बसव आणि मोठ्यानं वाच. जगन्नाथराव, वहिनी, चतुराबाई, रामराव, सगळे असताना वाच. काही गाळू नकोस.

भालचंद्र


तीर्थरूप साळूबाई यांच्या चरणी बालक भालचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मला पत्र लिहायला सांगितलं होतं. मी निरोप पुरे म्हणालो. मंग तुमच्यासमोर येऊनही वाकलो नाही, कारण लोक बघत होते. तेव्हा जो नमस्कार राहिला तो या कागदात आहे, आणि आता सगळ्यांसमोर वाचला जातोय.

तुम्ही माझ्या बायकोचा हात धरलात. तिला भीती वाटली तेव्हा तिला विचारलंत. माझी मुलगी या जगात आली ती तुमच्या हातांवर आली. माझी कलमं तुम्ही पाळलीत, आणि त्यांत न लिहिलेलंही पुष्कळ केलंत. चार वर्षांपूर्वी एका खोलीत एक बाई दिवसभर हाका मारत होती, तिथं तुम्ही असता तर, असं मनात येतं. पण आता तुम्ही आहात हे मला माहीत आहे, आणि मी रोज सकाळी दफ्तराला निघताना तुमची आठवण काढतो.

माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. शरयूची तर तिला आठवतही नाही.

पहिल्या ओळीत शरयू वाचताना अडली असेल आणि म्हणाली असेल, यांचा मायना चुकला. तिला सांगा, चुकलेला नाही.